सात आठे, आठ साते

सात आठे छप्पन आणि आठ साते पण छप्पन. हे आपण इतक्या लहानपणी पाठ करतो की याच्यात विचारण्यासारखं काही आहे असं नंतर कधी वाटतच नाही. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा असायचा, बे ते तीस पाढे, आणि आजोबा घरी असले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे. सातच्या पाढ्यात छप्पन यायचे, मग पुढे आठच्या पाढ्यात परत छप्पन यायचे, आणि हे तेच छप्पन आहेत असं कुणी सांगायचं नाही. चाल वेगळी, ओळ वेगळी, पाढा वेगळा, त्यामुळे डोक्यात ते दोन वेगळ्या खोल्यांत राहायचे.

चिनी लोकांनी यात एक सोय केली होती. त्यांच्या जुन्या पाढ्यांत लहान आकडा आधी म्हणायचा, म्हणजे तीन सात एकवीस म्हटलं की झालं, सात तीन वेगळं म्हणायचंच नाही. त्यामुळे एक ते नऊच्या अख्ख्या तक्त्याच्या त्यांच्याकडे ४५ ओळी, नाहीतर ८१ झाल्या असत्या. तो पाढा सुरूच व्हायचा नऊ नवे एक्याऐंशीपासून, उलटा. हूनान प्रांतात लीये नावाच्या गावी २००२ साली एका जुन्या विहिरीत छिन राजवटीच्या काळातल्या लाकडी पट्ट्या सापडल्या त्यात हा तक्ता आहे, म्हणजे दोन हजार वर्षांच्या वर झाली ही युक्ती वापरात असल्याला. आपला दहा बाय दहाचा तक्ता घेतला तर १०० घरं, त्यातली कर्णावरची १० म्हणजे वर्ग, १, ४, ९, १६ असे १०० पर्यंत, आणि उरलेली ९० घरं जोडीजोडीने सारखी. म्हणजे खरं पाठांतर ५५ चं. एकचा आणि दहाचा पाढा तर कुणालाही येतो, ते काढले की दोन ते नऊमधले ३६ गुणाकार राहतात. पाढ्यांना घाबरून बसलेल्या मुलाला मी पहिल्यांदा हेच सांगते, की बाळा डोंगर दिसतोय त्याच्या निम्माच आहे.

पण निम्मा का आहे? मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

शाळेत हा नियम एका ओळीत येतो. अ गुणिले ब बरोबर ब गुणिले अ, नाव क्रमनिरपेक्षता. खाली दुसरी ओळ, कंस इकडे घाला नाहीतर तिकडे, उत्तर तेच, नाव साहचर्य. रिकाम्या जागा भरा मध्ये एक गुण. आणि हे इतकं सरळ दिसतं की वाटतं, असणारच ना, यात काय विशेष. तर विशेष आहे. सात माणसांना आठ आठ लाडू वाटणं आणि आठ माणसांना सात सात लाडू वाटणं या दोन वेगळ्या पंगती आहेत, यांचा हिशोब शेवटच्या लाडवापर्यंत सारखा यावा असं वरवर बघता काहीच कारण दिसत नाही. आणि एक पायरी वर चढून बघा. गुणाकार म्हणजे तीच संख्या परत परत मिळवणं, तसा घात म्हणजे तीच संख्या परत परत गुणणं, रचना अगदी तीच. पण दोनचा घन ८ आणि तीनचा वर्ग ९. दोनचा पाचवा घात ३२ आणि पाचचा वर्ग २५. गेली क्रमनिरपेक्षता! (पूर्ण संख्यांमध्ये २ आणि ४ ही एकच वेगवेगळ्या आकड्यांची जोडी अशी आहे की इकडून तिकडून १६ च येतात, बाकी कुठेही नाही.) साहचर्य पण गेलं, कारण दोनच्या घनाचा वर्ग केला तर ६४, आणि तीनचा वर्ग आधी करून दोनला तो घात दिला तर ५१२. म्हणजे बेरजेत दोन्ही नियम आहेत, गुणाकारात आहेत, आणि त्याच्या लगेच वरच्या पायरीवर दोन्ही नाहीत. मग गुणाकारात ते आहेत हे आपोआप कसं समजायचं?

याचं उत्तर किराणा दुकानात मिळतं, अंड्यांच्या ट्रेमध्ये. ट्रे तीस अंड्यांचा असतो, पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत सहा. आता ट्रे तसाच ठेवून तुम्ही बाजूला जाऊन उभे रहा, सहा रांगा आणि प्रत्येकीत पाच. एकही अंडं हललं नाही, कुणी काढलं नाही, कुणी घातलं नाही, फक्त तुम्ही हललात. पाच सके आणि सहा पाचे सारखे का, तर एकाच ट्रेकडे दोन बाजूंनी बघितलंय म्हणून. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो, कारण त्यात पाच आणि सहाचं काहीच नव्हतं. तेरा आणि सतरा घ्या, एक हजार एक आणि नव्व्याण्णव घ्या, ट्रे मोठा होईल पण बाजूला जाऊन उभं राहायला कोण अडवतंय. एक ट्रे बघितला की अगणित गुणाकारांची खात्री एकदम होते, एकेक करून तपासत बसावं लागत नाही. दहा उदाहरणं करून उत्तर सारखं आलं म्हणून नियम मान्य करणं वेगळं आणि ट्रेकडे बघून मान्य करणं वेगळं. गणित म्हणतात ते या दुसऱ्या मान्य करण्याला.

मोठमोठ्या माणसांना पण हे सांगावंसं वाटलं आहे. युक्लिडच्या ग्रंथात, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास, सातव्या भागातलं सोळावं विधान हेच आहे, की दोन संख्यांनी एकमेकींना गुणलं तर येणाऱ्या संख्या सारख्या, आणि त्याने ते गृहीत न धरता सिद्ध केलंय. एकोणिसाव्या शतकातला जर्मन गणिती डिरिश्ले, त्याची संख्यासिद्धांतावरची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर डेडेकिंड या दुसऱ्या गणितीने १८६३ मध्ये प्रसिद्ध केली, तर ती व्याख्यानं सुरू होतात ती याच दोन नियमांपासून. विद्यापीठातली मुलं समोर बसलेली, पुढे अत्यंत अवघड विषय यायचाय, आणि आधी हे.

आता साहचर्याकडे येऊ. क्रमनिरपेक्षता निदान पाढ्यांत तरी भेटते, साहचर्य बिचारं कंसात अडकलेलं असतं त्यामुळे मुलांना त्याची ओळखच होत नाही. मुळात गुणाकार एका वेळी दोनच आकड्यांचा होतो. तीन आकडे समोर आले की आधी कुठले दोन घ्यायचे हे कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि कंस ते ठरवतो. परत अंड्यांकडेच जाऊ कारण होलसेलवाल्याकडे अंडी खोक्यात येतात, एका खोक्यात सात ट्रे एकावर एक, म्हणजे २१० अंडी. पाच, सहा, सात. ट्रेने मोजलंत तर आधी पाच सके तीस आणि मग तीस साते दोनशेदहा. पण मनातल्या मनात ते खोकं वरून खाली सुरीने कापा, रांगेच्या कडेने, म्हणजे प्रत्येक कापात सहा बाय सातची एक उभी भिंत मिळते, बेचाळीस अंड्यांची, आणि अशा पाच भिंती. बेचाळीस पाचे दोनशेदहा. आडवे थर मोजले की एक कंस, उभ्या भिंती मोजल्या की दुसरा कंस, आणि खोकं एकच. पहिल्या नियमाला सपाट ट्रे पुरतो पण दुसऱ्याला उंची लागते, हे मला फार सुंदर वाटतं.

आमच्या घरात हा दुसरा नियम रोज वापरात होता, फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. बाबांचा वाळू, खडी, मुरूम सप्लायचा धंदा होता, आणि हा माल ब्रासवर विकला जातो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की टेप लावायची, लांबी रुंदी उंची, गुणायचं, शंभरने भागायचं. समजा ट्रॉली १२ फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि माल अडीच फूट उंच भरलाय. टेप धरणारा माणूस आकडे ज्या क्रमाने ओरडेल त्या क्रमाने बाबा कधीच गुणायचे नाहीत. बारा साडेसहा अठ्ठ्याहत्तर आणि मग अठ्ठ्याहत्तरची अडीचकी, हे होतं पण वेळ लागतो. साडेसहा अडीच आधी केलं तर सव्वासोळा येतात, ते पुढे बाराने गुणायला नको वाटतं. बाबा सरळ बारा अडीच तीस करायचे आणि तीसला साडेसहाने गुणायचे, एकशेपंच्याण्णव, म्हणजे पाच घनफूट कमी दोन ब्रास, आणि हे सगळं ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत. तीन आकडे असले तर ते गुणायच्या एकूण १२ वाटा आहेत, क्रम सहा आणि कंस दोन. चार आकडे असले तर १२० वाटा. सगळ्या वाटा एकाच गावाला जातात याची खात्री आहे म्हणून तर माणूस निवांतपणे सोपी वाट निवडतो.

तोंडी हिशोबाच्या म्हणून ज्या युक्त्या शिकवतात त्या बहुतेक याच आहेत. २५ गुणिले ३७ गुणिले ४ दिसलं की पंचवीस चोक शंभर आधी, मग ३७०० आपोआप. ३५ गुणिले १८ असेल तर १८ चे दोन नवे करा, एक दोन पस्तीसला देऊन टाका, सत्तर नवे सहाशेतीस. १६ गुणिले १२५ म्हणजे दोन हजार, कारण सोळातला एक आठ १२५ ला हजार करतो. कोचिंगच्या जाहिरातीत याला जादू म्हणतात ते मला पटत नाही, कारण जादू म्हटलं की मूल का असं विचारत नाही, आणि इथे का हेच तर बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे हे लिहून ठेवलेलं आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० च्या सुमारास, गुणाकाराचं उदाहरण दिलंय ते १३५ गुणिले १२ चं. उत्तर १६२०, पण ते एकाच रीतीने काढून थांबत नाहीत. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करून दोन्हीने गुणा आणि मिळवा. दहा आणि दोन असे करा. वीसने गुणून आठपट वजा करा, २७०० वजा १०८०. आणि त्यातली एक रीत अशी की बाराला चार आणि तीनमध्ये फोडा, १३५ चौक ५४०, आणि ५४० त्रिक १६२०. ही शेवटची रीत म्हणजे साहचर्य. त्याला वेगळं नाव नाही, पण एकाच गुणाकाराला इतक्या बाजूंनी जाऊन भिडायचं आणि दरवेळी १६२० च येतात हे वाचणाऱ्याला बघू द्यायचं, यापेक्षा चांगलं शिकवणं कुठलं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथला शिलालेख जरूर लक्षात ठेवा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद त्यात आहे, १२०७ ची, आणि भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. गणित शिकवायची सोय केली म्हणून दगडावर लेख कोरला गेलाय आपल्या मातीत, मला तिथे उभं राहून भरून आलं होतं.

मी वर आजोबांची पावकी म्हटलं, तिथे एक गंमत आहे जी मोठेपणी कळली. वीस पाव म्हणजे पाच. पण याचे अर्थ दोन. एक म्हणजे पाव पाव असं वीस वेळा घेतलं, पाव पाव लिटर दूध वीस घरी घातलं, तर पाच लिटर लागलं. दुसरा म्हणजे वीसचे चार सारखे भाग केले आणि त्यातला एक उचलला. पहिल्यात मिळवणं चाललंय, दुसऱ्यात वाटणी चाललीय, कामं एकमेकांसारखी अजिबात नाहीत. आणि पाव वेळा वीस मिळवा हे तर बोलताच येत नाही, वेळा या पूर्णच असतात. तरी उत्तर पाच. इथे अंडी कामाला येत नाहीत, पाव अंडं कुठे ठेवणार, पण क्षेत्रफळ येतं. भिंतीच्या तळाला स्कर्टिंगची पट्टी लावतात ती तीन इंची समजा, म्हणजे पाव फूट, आणि लांबी वीस फूट. तिचे पाच पाच फुटांचे चार तुकडे करा आणि एकमेकांना चिकटवून ठेवा, पाच फूट बाय एक फूट. पाच चौरस फूट. पट्टी उभी धरा, आडवी धरा, क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून पावचे वीस आणि वीसचा पाव एक. टक्केवारीत पण हेच चालतं आणि तिथे तर रोजचा फायदा आहे. ५० चे १८ टक्के काढायला जरा थांबावं लागतं, १८ चे ५० टक्के म्हणजे नऊ हे कुणीही सांगेल, आणि दोन्ही एकच. ७५ चे ४ टक्के म्हणजे ४ चे ७५ टक्के, तीन.

आता एक गोष्ट जी मला खुपते. माझ्या भाचीच्या पेपरात प्रश्न होता, एका खोक्यात सहा पेन्सिली, तर चार खोक्यांत किती. तिने चार गुणिले सहा चोवीस लिहिलं. गुण कापला, का तर सहा गुणिले चार लिहायला हवं होतं, आधी एका खोक्यातल्या वस्तू आणि मग खोकी. ती मला म्हणाली, "मावशी, उत्तर तर तेच येतं ना गं?" हा वाद फक्त आपल्याकडचा नाही, जपानमध्ये तर वर्षानुवर्षं यावर पालक आणि शिक्षक भांडतायत. मला दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं. सहा हजाराचे दहा हप्ते आणि दहा हजाराचे सहा हप्ते, बेरीज साठ हजारच, पण ज्याचा पगार बेताचा आहे त्याला विचारा दोन्ही सारखे आहेत का. डॉक्टरांनी दोन गोळ्या तीन वेळा सांगितल्या तर तीन गोळ्या दोन वेळा घ्यायच्या नाहीत. म्हणजे गोष्ट वेगळी असू शकते आणि संख्या तीच असू शकते, आणि हे मुलाला कळावं असं शिक्षकाला वाटणं रास्तच आहे. पण मग ते बोलून कळू द्या, चित्र काढायला सांगा, चारचे गट काढलेस की सहाचे ते विचारा. गुणाकाराच्या चिन्हाच्या डावीउजवीकडे काय लिहिलं यावर गुण कापला की मूल एवढंच शिकतं की क्रम महत्त्वाचा आहे, आणि त्याच वर्षी पुढच्या धड्यात त्याला सांगायचं की क्रम महत्त्वाचा नाही. मी भाचीला खोक्यांचं चित्र काढायला लावलं, तिने प्रत्येक खोक्यात पेन्सिली आडव्या रांगेत लावल्या, चार खोकी एकाखाली एक, आणि मग कागद फिरवून माझ्याकडे बघितलं. तो एक गुण कापला गेला याचं मला तिच्याहून जास्त वाईट वाटलं.

दुकानात पण हा नियम भेटतो आणि लोक उगाच भांडतात. हजाराची वस्तू, १० टक्के डिस्काउंट, १८ टक्के जीएसटी. आधी डिस्काउंट देऊन मग टॅक्स लावला तर ९०० वर १८ टक्के, १०६२. आधी टॅक्स लावून मग डिस्काउंट दिला तर ११८० चे १० टक्के कमी, १०६२. गिऱ्हाईकाच्या खिशातून जाणारे पैसे तेवढेच, कारण टक्क्याने वाढवणं आणि कमी करणं हे दोन्ही गुणाकारच आहेत, एकदा ०.९ ने आणि एकदा १.१८ ने, कुठलाही आधी करा. पण शंभर रुपये फ्लॅट ऑफ असेल तर सांभाळा, कारण शंभर वजा करणं हा गुणाकार नाही. आधी वजा केले तर १०६२, टॅक्सनंतर वजा केले तर १०८०, अठरा रुपयांचा फरक. नियम कुठपर्यंत आहे आणि कुठे संपतो हे इथे बिलावर छापून मिळतं.

आणि हे दोन नियम एकमेकांचे जुळे भाऊ नाहीत. आपण पुस्तकात कायम शेजारी शेजारी बघतो म्हणून तसं वाटतं. सरासरी घ्या. १० आणि २० ची सरासरी १५, उलट केलं तरी १५, क्रम बदलून काही होत नाही. पण १० आणि २० ची सरासरी काढून तिची ४० बरोबर काढली तर साडेसत्तावीस, आणि २० आणि ४० ची तीस काढून तिची १० बरोबर काढली तर वीस. क्रमनिरपेक्षता आहे, साहचर्य नाही. म्हणून शाळेतल्या वेगवेगळ्या वर्गांच्या सरासरींची परत सरासरी काढताना डोकं शाबूत ठेवावं लागतं.

उलटं, म्हणजे साहचर्य आहे पण क्रम बदलून चालत नाही, हे बघायला एक पुस्तक घ्या. टेबलावर झोपलेलं, मुखपृष्ठ वर, वाचायला सरळ. कृती एक, ते टेबलावरच घड्याळाच्या काट्यासारखं पाव वळसा फिरवा. कृती दोन, तुमच्यापासून लांबची कड उचलून ते उभं करा. एक मग दोन केलं तर पुस्तक आडव्या कडेवर उभं राहतं, शिवणीची कड वर, मुखपृष्ठ तुमच्याकडे. आता परत झोपवून दोन मग एक करा, पुस्तक नीट उभं राहतं आणि मुखपृष्ठ डावीकडे बघतं. त्याच दोन कृती, क्रम बदलला, जागा बदलली. अवकाशात वस्तू फिरवणं हे असंच आहे आणि त्याला कुणाचा इलाज नाही.

डब्लिनचा गणिती विल्यम हॅमिल्टन या फिरवण्यासाठीच आकडे शोधत होता. सपाट कागदावरचं फिरणं दोन भागांच्या संख्यांनी, म्हणजे संमिश्र संख्यांनी, छान सांगता येतं, त्याला तीन मितींसाठी तीन भागांच्या संख्या हव्या होत्या, आणि त्यांचा गुणाकार काही केल्या जमेना. त्याची मुलं नाश्त्याच्या वेळी विचारायची की बाबा जमला का गुणाकार. १६ ऑक्टोबर १८४३ ला बायकोबरोबर कालव्याच्या काठाने चालत असताना त्याला सुचलं की तीन नाही, चार भाग लागतात, आणि किंमत म्हणून एक नियम सोडावा लागतो. चारातल्या तीन नव्या भागांना त्याने आय, जे, के म्हटलं. आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे उणे के. त्याने ब्रूम ब्रिजच्या दगडावर सूत्र कोरलं, आज तिथे पाटी आहे. हजारो वर्षं जे गुणाकाराचं अंगच समजलं जात होतं ते सोडूनही गुणाकार राहतो हे कुणीतरी पहिल्यांदा एवढ्या धीटपणे लिहिलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा मित्र जॉन ग्रेव्ह्ज आठ भागांच्या संख्या घेऊन आला, आणि त्यात साहचर्य पण चालत नाही हे हॅमिल्टनच्या लक्षात आलं. त्या नियमाला आज जगभर जे इंग्रजी नाव आहे ते या सुमाराला त्यानेच दिलं. मला हे फार पटतं, की घरातली वस्तू हरवली की मगच ती घरात होती हे कळतं, तसं नियम जायची वेळ आली त्या सुमाराला त्याला नाव मिळालं.

हॅमिल्टनच्या त्या चार भागांच्या संख्या आज मोबाईल गेममधला कॅमेरा फिरवतात, उपग्रहाचं तोंड कुठे आहे ते सांगतात. आणि क्रम बदलला की उत्तर बदलतं ही गोष्ट पुढे १९२५ मध्ये हायझेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाला अणूच्या आत भेटली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याच्या राशी गुणताना पुढेमागे केलं की उत्तर वेगळं यायचं आणि त्याला ते खटकत होतं, मॅक्स बॉर्नने ओळखलं की या मॅट्रिक्स आहेत, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेले आकड्यांचे तक्ते. जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी पक्के कळत नाहीत असं जे आपण ऐकतो ते त्या न जुळणाऱ्या क्रमातूनच येतं.

कॉम्प्युटरमध्ये तर साध्या आकड्यांचं साहचर्य पण जातं, हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना माहीत असेल. दशांश आकडे साठवायच्या नेहमीच्या रीतीत आकडा साधारण १० चा ३०८ वा घात इथपर्यंतच मावतो. एकावर २०० शून्यं असलेला आकडा तेवढ्याच मोठ्या आकड्याने गुणला तर कॉम्प्युटर अनंत म्हणून हात वर करतो, मग त्याला कितीही लहान आकड्याने गुणा, अनंतच राहतं. पण तो लहान आकडा पुरेसा लहान असेल आणि आधी त्या दोन मोठ्यांपैकी एकाला गुणून घेतला तर सगळं नीट मावतं आणि बरोबर उत्तर येतं. क्रम बदलला तर काही होत नाही, कंस बदलला तर होतं.

आणि जिथे साहचर्य शाबूत आहे तिथे त्याची किंमत आता पैशात आणि विजेत मोजली जाते. तीन मॅट्रिक्स गुणायच्या आहेत समजा, पहिली हजार ओळी आणि एक स्तंभ, दुसरी एक ओळ आणि हजार स्तंभ, तिसरी परत हजार ओळी आणि एक स्तंभ. पहिल्या दोन आधी गुणल्या तर दहा लाख गुणाकार, मग तिसरीबरोबर अजून दहा लाख, एकूण वीस लाख. शेवटच्या दोन आधी गुणल्या तर हजार, मग पहिलीबरोबर हजार, एकूण दोन हजार. उत्तर एकच, काम हजारपट कमी, आणि केलं काय तर फक्त कंस सरकवला. मॅट्रिक्सची जागा बदलायची मुभा इथे नाही, ती पहिली सवलत इथे मिळतच नाही, दुसरीवरच सगळं चालतं. कंस कुठे घातला तर सगळ्यात कमी काम पडेल हे शोधायच्या रीती इंजिनिअरिंगच्या मुलांना अभ्यासाला असतात, आणि ज्यांना त्या पटकन कळतात ती मुलं बहुतेक वेळा ट्रॉलीवर बाबा करायचे तेच करत असतात, गुणायच्या आधी तिन्ही आकडे एकदा नीट बघून घेतात.